मदत हवी आहे: संध्याकाळी सातनंतर बेडरूममध्ये येणारा वास (कपाट रिकामं करून झालंय)

नमस्कार मंडळी,

एरवी मी वाचनमात्र. आज नाइलाज झाला म्हणून पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मुक्काम कर्वेनगर, तिसरा मजला, इमारत पंचवीसेक वर्षांची. नवरात्र संपता संपता आमच्या मागच्या बेडरूममध्ये एक वास यायला लागला. कसला, ते सांगणं अवघड आहे, कारण घरात एकमत नाही. आई म्हणते कुबट, कपाटातला. बायको म्हणते गोडसर, कुणीतरी स्वस्तातलं अत्तर सांडल्यासारखा. लेक तिसरीत आहे, तिच्या मते वेलदोडा अधिक नवीन खडूची पेटी. मला वर्णन जमत नाही, फक्त डोकं चढतं.

आतापर्यंत केलेले उद्योग: शनिवारी अख्खं कपाट रिकामं केलं. चार गोधड्या, आईच्या दोन पैठण्या, गेल्या दिवाळीचा मोडका आकाशकंदील, अकरा बिनझाकणांचे डबे, सात बिनडब्यांची झाकणं आणि आमच्या लग्नात आलेलं, अजून वेष्टनातच असलेलं भिंतीवरचं घड्याळ. कपाटाच्या मागच्या फळीवर मात्र पांढरट-हिरवट बुरशीचे ठिपके होते. चोर सापडला म्हणून आम्ही चहा प्यायलो. व्हिनेगरने फळी पुसली, दिवसभर पंखा लावला. संध्याकाळी सव्वासातला वास परत हजर, आणि आदल्या दिवसापेक्षा जोरात!

आता आई डांबराच्या गोळ्या आणायला सांगतेय, बायको रूम फ्रेशनर, आणि मी दोघींच्या मधे उभा आहे. गोळ्या टाकाव्यात का? पैठणीचं काय करू? आणि मुळात हा वास आहे तरी कसला?

अवांतर: न्यू जर्सीची ताई व्हिडिओ कॉलवर लालपिवळी झाडं दाखवून रोज विचारते, “तुमच्याकडे फॉल कसा नसतो रे?” तिला गप्प करणारं शास्त्रीय उत्तर असेल तर तेही द्या.

घडी_मोडू_नका

आधी पैठण्या. उन्हात टाकायच्या नाहीत, रंग उतरतो. सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी तासभर मोकळ्या सोडा. मग जुन्या घडीवरच घडी न घालता वेगळीकडे दुमडा, नाहीतर जरीला त्याच रेषेवर चीर जाते. धुतलेल्या मलमलीत किंवा जुन्या सुती साडीत गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत अजिबात नको, आतला दमटपणा आतच राहतो. सोबत वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवा. माझी आजी हेच करायची, तिचा शालू माझ्या लग्नात मी नेसले.

गोधड्या मात्र खुशाल गच्चीवर टाका. कडक ऊन आहे तोवर दोन दिवस, दुपारी एकदा उलटून. दोरीवरून शेजाऱ्यांशी भांडण झालं तर ते ऑक्टोबरच्या खात्यात मांडा.

बोहरी_आळी_फॅन

डांबराच्या गोळ्यांबद्दल. त्यांना डांबर म्हणतात कारण नॅफ्थलीन पूर्वीपासून दगडी कोळशाच्या डांबरातून काढतात. गोळी वितळत नाही, घनाची थेट वाफ होते (संप्लवन, नववीचं पुस्तक आठवा), म्हणून ती महिन्याभरात “गायब” होते. गायब म्हणजे तुमच्या नाकात गेली. घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या दुपट्यांजवळ तर मुळीच ठेवू नका. जी-६-पी-डी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटतात, कावीळ होते. मोठ्यांच्या कपड्यांत ठेवायच्याच असतील तर कापडात बांधून, जरीला टेकणार नाहीत अशा.

आणि मुख्य म्हणजे गोळीने कसर मरेल, बुरशी नाही. बुरशीला ओल लागते, ओल काढा. आमच्याकडे वाटीत चुनकळी ठेवायचे. पण तिच्यावर पाणी पडलं तर ती उकळल्यासारखी तापते, घरात लहान मूल असताना तो प्रकार नको. बाजारात कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात, वर खडे आणि खाली पाणी जमतं. जमलेलं पाणी बघायला मजा येते, एवढं कपड्यांत होतं यावर विश्वास बसत नाही.

भिंतीला_ओल_आहे

वर सगळे कपाटावर बोलताहेत, भिंतीचं कुणी विचारलंच नाही. कपाट बाहेरच्या भिंतीला आहे की बाथरूमच्या?

घरच्या घरी परीक्षा सांगतो. कपाट सरकवा. भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावा आणि दोन दिवस सोडून द्या. प्लॅस्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर भिंतीतून पाझर आहे, प्लंबर बोलवा. खोलीकडच्या बाजूला दमट वाटलं तर खोलीच्या हवेतली वाफ गार भिंतीवर बसतेय, प्लंबरचे पैसे वाचले. कसंही असो, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. आपल्याकडे कपाट भिंतीला असं चिकटवतात की मागे पाल गेली तर तिला तिथेच आयुष्य काढावं लागतं.

रिकामटेकडा_०२०

बिनझाकणांचे अकरा डबे आणि सात झाकणं, त्यातली किती एकमेकांना बसतात ते मोजलंत का? आमच्याकडे शून्य. (दिवे घ्या.)

आता गंभीर. धागाकर्ते, तुम्ही लिहिलंय “सातनंतर”. बुरशीला घड्याळ कधीपासून कळायला लागलं? सकाळी येतो का हा वास? दुपारी? खिडकी बंद असताना?

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. प्लॅस्टिक लावलंय. वेखंड मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळालं. दुकानदाराने “कुणाला बाळ झालं?” असं विचारलं, मी “कपाटाला” म्हणालो.

रिकामटेकडा यांच्या प्रश्नाने मात्र झोप उडाली. सकाळी कपाट उघडलं तर कुबट वास असतो, पण तो वेगळा, जुन्या वह्यांसारखा. डोकं चढवणारा वास दुपारी नसतोच. गुरुवारी आम्ही सगळे कोजागिरीला सासुरवाडीला होतो, घर बंद. रात्री अकराला परतलो तर बेडरूममध्ये काहीही नाही. पंखा लावला, खिडकी उघडली आणि पाच मिनिटांत आला.

म्हणजे हे दोन वास आहेत का?

पानोपानी

दोनच आहेत. कुबट तो बुरशीचा. आणि दुसरा बाहेरून येतोय.

खिडकीतून खाली बघा, रस्त्याच्या कडेला एक उंच, सरळ, बारा महिने हिरवं झाड असेल. एकेका पेराभोवती गोल मांडणीत लांबट पानं, पाच, सहा, सात. नाव सप्तपर्णी असलं तरी प्रत्येक ठिकाणी सात भरतीलच असं नाही, आमचे विद्यार्थी दरवर्षी मोजून वाद घालतात. या दिवसांत फांद्यांच्या टोकांना पोपटी-पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके दिसतील. हीच ती सातवीण. अंधार पडला की तिचा गंध सुटतो. झाडाखालून जाताना दोन मिनिटं बरा वाटतो, रात्रभर उशाशी असला की नको होतो.

शास्त्रीय नाव अल्स्टोनिया स्कॉलॅरिस. “स्कॉलॅरिस” अशासाठी की हिच्या लाकडाच्या शाळेच्या पाट्या करत. शांतिनिकेतनात दीक्षान्त समारंभात हिचं पान देतात आणि पश्चिम बंगालचा हा राज्यवृक्ष आहे. इंग्रजीत मात्र हिला सैतानाचं झाड म्हणतात. कूळ कण्हेर, तगर आणि चाफ्याचं, त्यामुळे पान तोडलं की चीक येतो आणि गुरं तोंड लावत नाहीत. झटपट वाढते, सावली देते, म्हणून शहरांनी रस्तोरस्ती लावली. लावताना ऑक्टोबरचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

तुमच्या लेकीला शाबासकी द्या. वेलदोडा हे वर्णन घरात सगळ्यात जवळचं होतं.

तीनशे_चौरस_फूट

अगदी! मी एरंडवण्यात राहते. पहिल्या वर्षी मी घरमालकिणीच्या उदबत्तीवर आळ घेतला होता. त्या बिचाऱ्यांनी उदबत्ती बदलली. दुसऱ्या वर्षी कळलं, तेव्हा त्यांना पेढे नेऊन दिले.

सोसायटी_चेअरमन (माजी, सुदैवाने)

फांद्या उतरवून टाका, एका दिवसाचं काम.

पानोपानी

चेअरमनसाहेब, एका दिवसाचं काम आणि पुढे खेटे. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा संरक्षण व जतनाचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. आणि तीनेक आठवड्यांचा तर प्रश्न आहे, दिवाळीच्या मागेपुढे बहर ओसरतो. सातला खिडकी लावा, सकाळी उघडा, नाहीतर पलंगाची दिशा बदला.

वेधशाळेच्या_मागे

वास रात्री खोलीत का साठतो, त्यात ऑक्टोबरचाही हात आहे. पाऊस परतला, ढग गेले, आकाश मोकळं. दिवसा ३२-३३ अंश, जमिनीतली ओल अजून उडतेय, म्हणून घाम वाळत नाही. हाच तो ऑक्टोबर हीट. पण त्याच मोकळ्या आकाशामुळे रात्री जमीन भराभर गार होते आणि तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड पडते. गार हवा जड, ती वर जात नाही. वारा पडलेला. मग धूर, धूळ, सातवीण, शेजारच्यांची फोडणी, सगळं खालीच रेंगाळतं. तिसरा मजला म्हणजे अगदी मधोमध.

आणि डोकेदुखीचा सगळा दोष झाडाला देऊ नका. आयुर्वेदात शरद हा पित्त उसळण्याचा ऋतू. “वैद्यानां शारदी माता” असं वचनच आहे, म्हणजे वैद्यांना हा ऋतू आईसारखा पोसतो. दुपारी उन्हात गोधड्या उलटायला जाताना डोक्यावर काहीतरी घ्या आणि कोजागिरीचं उरलेलं मसाला दूध तिसऱ्या दिवशी पिऊ नका. हे कुणी करतं असं मी म्हणत नाही. मी केलंय.

घडी_मोडू_नका

ताईच्या फॉलचं राहिलं की.

पानोपानी

तिकडे दिवस लहान झाला, थंडी पडायला लागली की झाड पानातलं हरितद्रव्य मोडून घेतं. पिवळा रंग पानात आधीपासून असतो, तो उघडा पडतो. लाल मात्र बराचसा नव्याने बनतो. आपल्याकडे झाडाला भीती थंडीपेक्षा कोरडीची. ऑक्टोबरात जमिनीत पाणी भरपूर आहे, मग पानं कशाला टाकायची? पुण्याची पानगळ येते माघ-फाल्गुनात. तेव्हा पळस आणि सावर पानं टाकून फुलतात. ताईला सांगा, फॉल आहे, होळीच्या आसपास या.

आमचा शरद पानात नाही, फुलात. प्राजक्ताचा सडा अजून पडतोय आणि बुचाची झाडं आता सुरू होतील. बुचाच्या फुलांचे लांब देठ एकमेकांत गुंफून सुई-दोऱ्याशिवाय वेणी करता येते. नाव बूच, कारण साल बाटलीच्या बुचासाठी वापरत. लेकीला एकदा खाली पडलेली फुलं वेचायला न्या. तिचं नाक चांगलं आहे.

रिकामटेकडा_०२०

धाग्यात कपाट, भिंत, कायदा, हवामान, आयुर्वेद आणि न्यू जर्सी. फक्त पाककृती राहिली. कुणीतरी घुसवा, म्हणजे संपादक मंडळ वाचनमात्र करेल.

धागाकर्ता

अपडेट देतो.

सातवीण सापडली. खिडकीच्या बरोबर खाली, एवढी वर्षं आम्ही तिला “पार्किंगचं झाड” म्हणत होतो. काल संध्याकाळी सगळे खाली उतरलो, बायकोने झुबक्याजवळ नाक नेलं आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. रूम फ्रेशनरची बाटली परत केली, अर्ध्या किमतीत.

प्लॅस्टिकवर खोलीकडून दमटपणा होता, भिंतीकडून कोरडं. म्हणजे पाझर नाही. कपाट चार बोटं पुढे आलं, खडे-पाण्याचा डबा आत ठेवलाय, दोन दिवसांत तळाशी पाणी जमलंसुद्धा. पैठण्या मलमलीत. घड्याळ अखेर भिंतीवर लावलं, मशीन बंद निघालं. डबे-झाकणांचा हिशेब: एक जोडी बसली.

आई मात्र अजून ऐकत नाही. झाड मान्य आहे, पण “कपाटातूनही येतोच” या मतावर ती ठाम आहे, आणि सकाळपुरती ती बरोबरही आहे. त्यामुळे वेखंडाच्या दोन पुरचुंड्या जादा घातल्या. आता रोज सातला ती स्वतः खिडकी लावते आणि लावताना खाली बघून म्हणते, “आली बघ बाई.” ताई व्हिडिओ कॉलवर असेल तर तिलाही झाड दाखवते.

काल ताईने विचारलं, वास कसा आहे गं? आईने फोन खिडकीबाहेर धरला.