मदत हवी आहे : जंगलाशेजारच्या मुलांना वन्यजीव क्षेत्रात कसं आणायचं?

जंगलालगतच्या वस्तीतल्या, शाळा संपत आलेल्या मुलांना मी दर रविवारी फिरायला नेते. परवा ओल्या मातीतला ठसा बघून एक जण म्हणाला, "नखं उमटलीत, कुत्र्याचा असणार. बिबट्या नखं आत ओढून चालतो." मी बघतच राहिले! पण पुढे काय शिकणार विचारलं की उत्तर ठरलेलं : वनरक्षक, नाहीतर गाइड. कॅमेरा ट्रॅपच्या (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) फोटोंची छाननी, जीआयएस नकाशे (जागांची माहिती संगणकावर मांडणारे), वन्यप्राण्यांची पशुवैद्यकी यांवरही पोट भरतं, हे त्यांच्या गावीही नाही.

२००२ पासून चालू असलेल्या ईबर्ड या ऑनलाइन मंचावर पक्षीनोंदी करायला शिकवलंय. पण पदवी नसताना कोणते छोटे कोर्स खरंच कामी येतात? फुकट राबवून घेणाऱ्या इंटर्नशिप कृपया सुचवू नका. या क्षेत्रातल्या कुणी मुलांशी तासभर व्हिडिओ कॉलवर बोलेल का?