मदत हवी आहे: आडव्या रेषेवरचा लंब काढताना चढाचा नियम अडतो, भाचीला कसं समजावू?

नमस्कार मंडळी,

इंदूरला सुदामानगरात राहतो. भाची अकरावीत आहे, संध्याकाळी गणिताची वही घेऊन येते. काल हे उदाहरण होतं: अ (१, २), ब (७, २), क (३, ६) हे त्रिकोणाचे शिरोबिंदू, तिन्ही शिरोलंबांची (शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेल्या लंबांची) समीकरणं काढा.

अ मधून बक वरचा लंब तिने झटक्यात काढला. बकचा चढ (उभा बदल भागिले आडवा बदल) −१, लंबाचा १, समीकरण य = क्ष + १. मग क मधून अब वर लंब टाकायला गेली आणि अडली. अबचा चढ ०. तिने −१/० लिहिलं, त्यावर काट मारली आणि म्हणाली, "मामा, दोन चढांचा गुणाकार −१ यायला हवा ना? शून्याला कशानेही गुणलं तरी −१ येणार नाही. मग हे लंब नाहीतच का?"

आकृतीत काटकोन तर समोर दिसतोय. उभी रेषा आहे, क्ष = ३ लिहून मोकळी हो, असं सांगता येईल. पण प्रश्न रास्त आहे, "अपवाद आहे, पाठ कर" म्हणून तो मिटवायचा नाही मला. मुळात −१ येतो कुठून? आणि उभ्या-आडव्या रेषांनाही चालेल अशी रीत आहे का? त्रिकोणमिती न वापरता सांगितलंत तर फार बरं.

प्रतिसाद

पोरीने नेमकं बोट ठेवलंय! चौकटींचा कागद घ्या. उजवीकडे २ घरं, वर १ घर: चढ १/२. ही रेघ डावीकडे काटकोनात फिरवा. उजवीकडची २ घरं वर जातात, वरचं १ घर डावीकडे येतं: चढ −२. गुणाकार −१. आडव्या रेषेचं 'वर' शून्य असतं, फिरवल्यावर 'आडवं' शून्य होतं. उभ्या रेषेला चढच नाही, मग गुणाकार कशाचा करणार? दोन्ही रेषांना चढ असेल तेव्हाच तो नियम लागतो.

रीत अशी: क्ष आणि यच्या सहगुणकांची (त्यांना गुणणाऱ्या आकड्यांची) अदलाबदल करा, एकाचं चिन्ह बदला, स्थिरपद (क्ष-य नसलेला आकडा) तूर्त 'ट' म्हणून मोकळं ठेवा. अब म्हणजे ०क्ष + १य − २ = ०. लंब १क्ष − ०य + ट = ०. त्यात क चे निर्देशक घाला: ट = −३, म्हणजे क्ष = ३. भागाकार कुठेच नाही, त्यामुळे शून्य आडवं येत नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. तिसरा, म्हणजे ब मधून अक वरचा लंब, तिने याच रीतीने काढला: क्ष + २य − ११ = ०. तिन्ही (३, ४) मध्ये मिळतात, हेही आपणहून ताडून पाहिलं. आता विचारतेय, लंबसंपात (तिन्ही शिरोलंब मिळतात तो बिंदू) त्रिकोणाबाहेर कधी जातो? एक कोन विशालकोन असला की, एवढं सांगितलंय. सोप्या आकड्यांचं एखादं उदाहरण असेल तर जरूर टाका.