अनुभव धागा: वृत्तात लिहिण्याचा सराव

पागोळी
शेजारून मनाचे श्लोक ऐकू आले आणि बोटं आपोआप मोजू लागली: लगागा लगागा लगागा लगागा (ल म्हणजे लघू, ऱ्हस्व अक्षर; गा म्हणजे गुरू, दीर्घ). भुजंगप्रयात वृत्त, ओळीत 12 अक्षरं. एकच तुकडा, म्हणजे गण, चारदा येतो, म्हणून सुरुवातीला हेच वृत्त घ्यावं. रोज चार ओळी, आठवडाभर दुसऱ्या वृत्ताला हात नाही. तुमची पद्धत लिहा, कुठे अडतं तेही.

ओसरी
बहुतेकांचं अडतं ते इथे: "पहाटे नदीवर धुके दाटलेले". म्हणायला गोड, पण 'वर' म्हणजे दोन लघू, तिथे हवा एक गुरू. अक्षरं झाली 13. बोलताना 'वर्' म्हणतो, म्हणून कान फसतो.
"पहाटे धुक्याने नदी झाकलेली" हे बसतं.

काजवा
पण 'धुक्या'तला धु जोडाक्षराआधी आहे, मग गुरू नाही का?

ओसरी
नाही. क्याचा आघात धुवर येत नाही. तुझ्या, पुन्हा, कुऱ्हाड तसेच. 'सत्य' मोठ्याने म्हणा, सवर जोर येतो, म्हणून तो गुरू. पुस्तकापेक्षा तोंडाने ठरवा.

दहिवर
नदीवरची ओळ मात्रावृत्तात चालेल, तिथे लघूची एक आणि गुरूच्या दोन मात्रा मोजतात, 20 मात्रा भरतात. पण ही सूट आधीच सवयीची झाली की लघुगुरूंचा क्रम ठरलेली गणवृत्तं जमत नाहीत.

गुलबक्षी
कुकर लावलाय, पटकन लिहिते. गझल करणाऱ्यांनी आधी दहा काफिये (यमकाचे शब्द) कागदावर काढा, मगच मतला, म्हणजे पहिला दोन ओळींचा शेर. मतल्यात 'चालणार' आणि 'बोलणार' दोन्ही घेतलेत तर 'णार' हेच यमक ठरतं, पुढे 'दार', 'वार' आणता येत नाहीत. एका ओळीत 'वार' ठेवा, वाट मोकळी राहते. आणि अलामत, यमकातला न बदलणारा स्वर! 'दार'च्या जोडीला 'दूर' नाही.

काजवा
अरे देवा, माझी अख्खी गझल 'णार'वर आहे 😔

गुलबक्षी
शेर नका टाकू हो, फक्त मतला बदला.

तिठा
सुनीत (सॉनेट) कुणी करतं का? केशवसुतांनी 1892 मध्ये मराठीत आणलं. 14 ओळी, आठवीनंतर विचार वळायला हवा. शेवटच्या सहा ओळी आधी लिहून बघा. नाहीतर पहिल्या आठातच सगळं बोलून होतं आणि पुढे भरताड.

पागोळी
गण नकोसे झाले की अभंग. चार चरण, अक्षरं 6-6-6-4, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात, लघुगुरू बघायचे नाहीत, जोडाक्षर एकच मोजायचं:
दारात पाऊस । उंबऱ्याशी ओल ।
मनामध्ये खोल । थेंब वाजे ॥
चार अक्षरांचा शेवटचा चरण सर्वात कठीण. तिथे विशेषण खपत नाही, क्रियापद लागतं.

दहिवर
'थेंब वाजे' फार आवडलं.

काजवा
उंबऱ्यातला ऱ्या फोनवर कसा काढता? माझा र्या होतो.

पागोळी
साधा र नको. ऱ वेगळं अक्षर आहे, ते घ्या, मग हलन्त, मग य, मग काना.

काजवा
ऱ्या! जमलं. आता मतला.