इंजिनिअरिंगच्या मुलांना स्वतःहून शिकायची सवय कशी लावावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी एका खासगी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. अकरा वर्षं झाली.

मागच्या आठवड्यात तिसऱ्या वर्षाच्या एका गटाला मिनी प्रोजेक्टमध्ये ७८०५ मधून (स्थिर पाच व्होल्ट देणारा रेग्युलेटर आयसी) पाच व्होल्ट मिळत नव्हते. आयसी खराब असेल म्हणून तीनदा बदलून झाला. इनपुटला चार पेन्सिल सेल, म्हणजे सहाच व्होल्ट! ७८०५ ला आउटपुटपेक्षा साधारण दोन व्होल्ट जास्त लागतात. डेटाशीटच्या, म्हणजे आयसीच्या माहितीपत्रकाच्या, तक्त्यात ‘ड्रॉपआउट व्होल्टेज’समोर ते लिहिलेलं असतं, पण डेटाशीट कुणी उघडलीच नव्हती. "मॅडम, तुम्हीच सांगा ना." प्रॅक्टिकलचे दोन तास संपत आले होते, मी सांगून टाकलं. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. नोकरीत यांना कोण सांगणार?

मुलं हुशार आहेत. बिघडलेला मोबाइल खोलून दुरुस्त करणारी आहेत त्यांच्यात. "हे परीक्षेला आहे का?" विचारायची सवय आम्हीच लावली.

कागदोपत्री सगळं आहे. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा (इंजिनिअरिंग अभ्यासक्रमांच्या मानांकनाला देशांनी परस्पर मान्यता देण्याचा करार) पूर्ण सदस्य झाला. एनबीए या मानांकन मंडळाच्या पीओंच्या (पदवीधराला काय काय यायला हवं, ते मुद्दे) यादीत आयुष्यभर शिकत राहणं हा मुद्दा अगदी शेवटी येतो. आम्ही मॅपिंगमध्ये (विषयाचा कोणत्या पीओला किती हातभार, तो तक्ता) त्यापुढे २ किंवा ३ लिहितो, एनपीटीईएलच्या ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं जोडतो, फाइल पूर्ण. असाइनमेंटची उत्तरं व्हॉट्सॲपवर फिरतात हेही ठाऊक असतं.

पुढच्या सत्रात ओरलला न शिकवलेल्या आयसीची डेटाशीट हातात द्यायची, वीस मिनिटं वाचू द्यायची आणि मग विचारायचं, असा विचार आहे. जर्नलमध्ये ठरावीक निष्कर्षाऐवजी ‘कुठे अडलो, काय शोधलं, कुठे सापडलं’ एवढंच लिहायचं. पण बॅच वीस जणांची. शिवाय बरीच मुलं मराठी माध्यमातून आलेली, तीस पानी इंग्रजी डेटाशीट बघूनच मागे सरतात. ती कशी वाचायची, आधी कोणता तक्ता बघायचा, हे दोन तास मराठीतून शिकवलं तर भीती जाईल का?

कुणी अशी ओरल घेतली असेल तर गुण कसे दिलेत ते कृपया लिहा. आणि नोकरी करणाऱ्यांनी, पहिल्या वर्षी कॉलेजात न शिकवलेली कुठली गोष्ट स्वतः शिकलात, पहिल्या दिवशी नेमकं काय उघडून बसलात, हे सविस्तर सांगा. वर्गात वाचून दाखवायचं आहे.