क्रॉप सेन्सरवर पोर्ट्रेटसाठी ५६ मिमी लेन्स की ८५ मिमी? आणि लेन्स जपायला काय काय लागेल?

प्रश्न

नमस्कार मंडळी. माझ्याकडे एपीएस-सी सेन्सरची (३५ मिमी फिल्मएवढ्या 'फुल फ्रेम'पेक्षा लहान, म्हणजेच क्रॉप सेन्सर) मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेली, बॉडी आहे. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही, लेन्स फक्त कॅमेऱ्यासोबत आलेली १६-५० मिमीची किट. माणसांचे, त्यातही लहान मुलांचे पोर्ट्रेट काढायचे आहेत: निम्मे खोलीत खिडकीच्या उजेडात, निम्मे बाहेर. लेन्स एकच घेणार. ५० एफ/१.८, ५६ एफ/१.४ आणि ८५ एफ/१.८ या तिघींत अडकलोय (पहिला आकडा फोकल लेन्थ मिमीमध्ये; एफचा आकडा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा, तो लहान तितका प्रकाश जास्त). ८५ ही पोर्ट्रेटची खरी लेन्स असं सगळीकडे वाचतो, म्हणून ओढा तिकडे आहे. क्रॉपवर ती फार लांब पडेल का? आणि यूव्ही फिल्टर (अतिनील किरण अडवणारी काच) लावावा का? धूळ आणि दमटपणासाठी काय घ्यावं?

प्रतिसाद १

आधी टेप घेऊन खोली मोजा, लेन्सचं नंतर बघू. ८५ ची ख्याती फुल फ्रेमवरची आहे. १.५ क्रॉपवर (सेन्सर फुल फ्रेमच्या दीडपट लहान) तिचा दृश्यकोन फुल फ्रेमवरच्या साधारण १२८ मिमी लेन्सएवढा होतो, तर ५६ चा ८४ मिमीएवढा. म्हणजे तुमच्या बॉडीवर ८५ चं काम ५६ करते.

कॅमेरा उभा धरला तर अंतरं अशी पडतात. डोकं आणि खांदे (सुमारे ६३ सेंमी उंचीची चौकट) घ्यायला ५६ ने दीड मीटर, ८५ ने २.३ मीटर. कमरेपर्यंतचा माणूस: ५६ ने २.४ मीटर, ८५ ने ३.६. पूर्ण उभा माणूस: ५६ ने साडेचार मीटर, ८५ ने जवळजवळ सात. त्यात तुमची स्वतःची जागा आणि माणसामागे भिंतीपासून सोडलेलं अंतर मिळवा. माणूस भिंतीला चिकटून उभा असेल तर कुठलीच लेन्स पार्श्वभूमी विरघळवू शकत नाही. मागे निदान दीड-दोन मीटर मोकळे हवेत. सेन्सर १.६ क्रॉपचा असेल तर याहून थोडं आणखी मागे सरकावं लागेल.

नाक मोठं दिसणं किंवा चेहरा चपटा वाटणं हे अंतरामुळे होतं, फोकल लेन्थमुळे नाही. दीड मीटरवरून चेहरा नैसर्गिकच दिसतो. किट लेन्स ५० वर लावा आणि तुमच्या खोलीत कमरेपर्यंतची चौकट बसते का ते आजच पाहा. त्यातच अडचण होत असेल तर ८५ विसरा.

५० आणि ५६ मध्ये कोनाचा फरक किरकोळ आहे. खरा फरक एफ/१.८ आणि एफ/१.४ चा, म्हणजे दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). खिडकीचा उजेड उतरू लागला की तो कामाला येतो. मात्र मुलं हलतात, त्यामुळे शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या खाली नेऊ नका. स्टॅबिलायझेशन तुमचा हात स्थिर करतं, मुलाला नाही. ते नसल्याची फार खंत करू नका.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, मीही ५६ च म्हणेन. पण एफ/१.४ ला बेतानं वापरा. दीड मीटरवर ५६ ची एफ/१.४ ला फोकसची खोली (जेवढ्या अंतरातलं स्पष्ट दिसतं ती) सगळी मिळून जेमतेम ४ सेंमी असते. चेहरा किंचित वळलेला असेल तर जवळच्या डोळ्याच्या पापण्या एकेक मोजता येतात आणि पलीकडचा डोळा मऊ पडतो. एफ/२.८ ला ८ सेंमी मिळतात, दोन्ही डोळे येतात. दोन मुलं शेजारी असतील तर एफ/४, आणि दोघांचे चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर आणा. डोळा ओळखणारा फोकस चालू ठेवा, मोड सतत फोकसचा.

बाहेर वेगळीच गोची होते. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदना) १०० वर एफ/१.४ ला १/१२८०० च्या आसपास शटर लागतं, आणि बऱ्याच बॉडींचं यांत्रिक शटर १/४००० लाच थांबतं. तीन स्टॉपचा एनडी ८ फिल्टर (प्रकाश आठपट कमी करणारी काळसर काच) लावला की हिशेब १/१६०० वर येतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: मेनूत 'इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन' (शटरचा पहिला पडदा यांत्रिक न ठेवता इलेक्ट्रॉनिक करणारा पर्याय) चालू असेल तर मोठ्या अ‍ॅपर्चरला १/२००० च्या पुढे मागचे प्रकाशाचे गोल एका बाजूने कापल्यासारखे दिसतात. दोष लेन्सचा नसतो. १/१००० च्या वर तो पर्याय बंद करून पूर्ण यांत्रिक शटर वापरा.

प्रतिसाद ३

यूव्ही फिल्टरबद्दल: डिजिटल सेन्सरच्या पुढे यूव्ही अडवणारी काच आधीच असते, त्यामुळे हा फिल्टर म्हणजे नुसती राखणीची काच. कोटिंग (परावर्तन कमी करणारा पातळ थर) नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो. मुलाच्या पाठीमागे सूर्य किंवा दिवा आला की त्याची फिकट दुसरी प्रतिमा ('घोस्ट') चौकटीत उमटते आणि काळे रंग राखाडी होतात.

माझं मत ठाम आहे: हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारं नळीसारखं आवरण) कायम, फिल्टर गरजेपुरता. लेन्स आपटली तर आधी हूड मार खातो. चिमुकली बोटं काचेपर्यंत पोचत नाहीत. बाजूचा उजेडही अडतो. पण हूड सुलटा लावलेला हवा. तो उलटा ठेवून फोटो काढणारे खूप दिसतात, त्याचा काडीचा उपयोग नाही. वाळू, समुद्राचे तुषार, रंग उडणारी जागा, इथे मात्र मल्टिकोटेड फिल्टर लावाच. मापासाठी लेन्सवर ⌀ या खुणेपुढचा आकडा पाहा. दोन फिल्टर एकावर एक चढवू नका, कोपरे काळे पडतात.

प्रश्नकर्ता

खूप आभार, ५६ पक्की. फिल्टर घट्ट अडकला तर कसा काढायचा? आणि दमटपणासाठी साधा डबा चालेल का?

प्रतिसाद ३

बोटांनी दाबून फिरवू नका. दाबल्यावर कडी लंबगोल होते आणि आटे आणखी धरतात. लेन्स उताणी धरून रबराचा सपाट तुकडा (चपलेचा स्वच्छ तळवाही चालतो) कडीवर सगळीकडून सारखा टेकवा आणि हलक्या हाताने डावीकडे फिरवा. लावताना आधी उलटा फिरवून आटा 'टक्' बसल्याचं जाणवू द्या, मग सुलटा फिरवा. शेवटी आवळायचं नाही.

प्रतिसाद ४

रबरी कड असलेला हवाबंद डबा उत्तम चालतो. आत छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ४० ते ५० टक्क्यांत राखा. ६० च्या वर बराच काळ राहिला तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि ती कोटिंग खाते. फार कोरडंही नको, ३० च्या खाली जाऊ देऊ नका. सिलिका जेल नारिंगी घ्या; ओलावा शोषला की हिरवं होतं, मग १२० अंशाला दोनेक तास तापवलं की पुन्हा नारिंगी. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात मुलं असताना नको. खडे कापडी पुरचुंडीत बांधा, नाहीतर त्यांची भुकटी लेन्सवर बसते. लेन्स चामड्याच्या पिशवीत साठवू नका, चामडं ओलावा धरून ठेवतं.

एसीतून दमट हवेत जाताना कॅमेरा झिप पिशवीत बंद करून न्या आणि २०-३० मिनिटं तसाच राहू द्या. पाणी धरेल ते पिशवीवर.

धुळीसाठी हातानं दाबायचा रबरी ब्लोअर हवा. डब्यातली दाबलेली हवा नको, तिच्यातला द्रव सेन्सरवर उडतो. लेन्स बदलताना कॅमेरा बंद, तोंड जमिनीकडे, दुसरी लेन्स टोपण सैल करून हाताशी. काच पुसताना आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, शेवटी मायक्रोफायबर, आणि द्रव कापडावर, लेन्सवर नाही. सुकी काच पुसली की कण घासला जातो.

सेन्सरवर धूळ आहे का हे एफ/१.४ ला कळतच नाही. एफ/१६ लावा, फोकस मुद्दाम बिघडवा, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. डाग वर दिसला तर कण सेन्सरच्या खालच्या बाजूला असतो, कारण लेन्स प्रतिमा उलटी पाडते.