छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या आठवणी वाचताना मी परिच्छेद गाळायला लागले आहे. थांबू का?

संथवाचक

बाबांना आता छापील अक्षर दिसत नाही. रात्री जेवणं झाली की तासभर मी त्यांना वाचून दाखवते. दीड महिन्यापूर्वी त्यांनीच विषय काढला: नाझी छळछावण्यांतून जे परत आले त्यांनी स्वतः लिहिलेलं वाच, कादंबरी नको. पुस्तकं इंग्रजीतून वाचते आणि अडेल तिथे मराठीत सांगते. एली वीझेल झाला, रूथ क्लूगर झाली. आता प्रिमो लेव्हीचं पहिलं पुस्तक चालू आहे, १९४७ सालचं.

वीझेलच्या वेळी मला मध्येमध्ये थांबावं लागत होतं. सोळा वर्षांचा मुलगा, बुखेनवाल्डच्या छावणीत शेजारी वडील मरताहेत, आणि समोर माझे वडील बसून ऐकताहेत. एकदा आवाजच फुटेना. बाबा काही बोलले नाहीत, पाण्याचा पेला फक्त माझ्याकडे सरकवला.

लेव्हीच्या वेळी मात्र उलटंच झालं. पहाटेची हजेरी, थंडी, सूप, पुन्हा हजेरी. "पुढे काय होतं" हे बघायची मला घाई व्हायला लागली. परवा तर मी बाबांना न सांगता दोन परिच्छेद गाळले आणि पुढचं वाचत सुटले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "सूप मिळालं म्हणालीस. खाल्लं कशाने? चमचा होता त्याच्याकडे?"

मला सांगता आलं नाही. मी म्हटलं, उद्या बघून सांगते. रात्री झोप लागली नाही, कारण वाचताना माझ्या मनात तो प्रश्न आलाच नव्हता.

अशी पुस्तकं लागोपाठ वाचू नयेत का? मन निबर होतं का? काही महिने थांबावं, की वाचायची पद्धत बदलावी? ज्यांनी यातलं बरंच वाचलं आहे त्यांनी कृपया सांगा.

जुनी वही

ताई, मन निबर झालंय असं मला नाही वाटत. तिसऱ्या पुस्तकापर्यंत छावणीचा दिनक्रम ओळखीचा होतो आणि डोळा "हे ठाऊक आहे" म्हणून पुढे पळतो. माझंही झालं होतं. पण तुमच्या वडिलांनी नेमकी जागा पकडली आहे. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच पुस्तकात आहे.

छावणीतल्या बाजाराबद्दलचं प्रकरण काढा. मोनोविट्झमध्ये, म्हणजे लेव्ही होता त्या आउशवित्झच्या कारखान्याशेजारच्या छावणीत, नव्या कैद्याला चमचा देतच नसत. सूप पातळ, ते चमच्याशिवाय खायचं कसं? कारखान्यात लोहारकाम आणि पत्र्याचं काम करणारे कैदी चोरून पत्रा ठोकून चमचे बनवत आणि विकत. साध्या चमच्याला पावाच्या रोजच्या वाटणीतला अर्धा भाग. दांड्याला धार लावून सुरीसारखा केलेला असेल तर पाऊण. ज्याचा जीव त्या पावावर टिकून आहे, त्याने त्यातलाच अर्धा तुकडा मोडून चमचा घ्यायचा. लेव्ही हे सगळं शांतपणे, भाव सांगावेत तसं सांगतो. तो व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ होता, त्याची नजर तशीच होती.

आता १९८६ चं त्याचं शेवटच्या काळातलं पुस्तक घ्या. चमचा तिथे पुन्हा येतो. आउशवित्झ मुक्त झालं तेव्हा गोदामांमध्ये नवे कोरे, पारदर्शक प्लास्टिकचे हजारो चमचे सापडले. शिवाय गाड्यांतून आलेल्या लोकांच्या सामानातून काढून घेतलेले अॅल्युमिनियमचे, पोलादाचे, अगदी चांदीचेसुद्धा, तेही हजारोंनी. म्हणजे तुटवडा नव्हताच. माणसाला कुत्र्यासारखं चाटून खायला लावायचं होतं, एवढंच.

एक माणूस, एक चमचा, मध्ये ३९ वर्षं. पहिल्या वेळी त्याने किंमत सांगितली, दुसऱ्या वेळी हेतू. हे दोन उतारे मी एकाच दुपारी लागोपाठ वाचले आणि त्या दिवशी पुढे वाचलं नाही. पुस्तक मिटून नुसती बसून राहिले.

तेव्हापासून माझी सवय अशी: एका बैठकीला एकच वस्तू धरायची. चमचा, वाडगं, बूट, टोपी. ती कुठे मिळते, कशाच्या बदल्यात, चोरीला गेली तर काय होतं. पानं कमी होतात, पण घाई होत नाही.

आणखी एक करा. प्रत्येक पुस्तक कधी लिहिलं गेलं ते पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा. लेव्हीचं हस्तलिखित मोठ्या प्रकाशकाने नाकारलं होतं. एका छोट्या प्रकाशनाने २५०० प्रती काढल्या, आणि १९५८ मध्ये पुन्हा छापल्यावर ते पुस्तक जगभर पोहोचलं. आउशवित्झहून परतलेल्या फ्रेंच लेखिका शार्लोत देल्बोने १९४६ मध्ये लिहिलं आणि जवळजवळ वीस वर्षं हस्तलिखित स्वतःजवळ ठेवलं, १९६५ मध्ये छापलं. क्लूगरचं १९९२ चं. म्हणूनच ती वाचकाशी भांडते, तुम्हालाही जाणवलं असेल. तोवर लोकांनी छावण्यांबद्दल बरंच काही वाचलं होतं, पाहिलं होतं, आणि आपल्याला सगळं कळलंय असं त्यांना वाटायला लागलं होतं.

पायवाट

वरचं उत्तर पटलं. माझा मुद्दा वेगळा आहे, थोडा लांबेल.

आपण जे वाचतो ते परतलेल्यांचं. हे वाक्य सगळे म्हणतात, पण आकडे जवळ धरले की त्याचं वजन कळतं. लेव्हीला आउशवित्झला नेलं त्या गाडीत ६५० माणसं होती. त्यातली ५०० हून जास्त तिथे पोहोचल्यावर दोन दिवसांनी जिवंत नव्हती. त्याच्या डब्यातल्या ४५ जणांपैकी चौघांना पुन्हा घर दिसलं. देल्बोबरोबर जानेवारी १९४३ मध्ये फ्रान्समधून निघालेल्या २३० बायकांपैकी ४९ परतल्या. देल्बोने नंतर त्या २३० जणींवर आणखी एक पुस्तक केलं, प्रत्येकीची माहिती शोधून: नाव, कुठली, काय करत होती, कशी गेली. मला तिच्या आठवणींच्या पुस्तकापेक्षाही ते जास्त लागलं. त्यात कुणाचीच गोष्ट "पुढे काय होतं" अशी वाचता येत नाही.

आणि ज्या ठिकाणाहून पुस्तकं जवळजवळ नाहीतच, त्यांचं काय? पोलंडमधल्या बेल्झेक या मृत्युछावणीत चार लाखांहून जास्त माणसं मारली. तिथे आलेल्यांना काही तासांतच मारत, त्यामुळे तिथला "दिनक्रम" सांगायला मागे जवळजवळ कोणी उरलंच नाही. रुडोल्फ रेडर नावाचा एकजण निसटला, त्याने १९४६ मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. हजेरी, सूप, रांग हे आपल्याला वाचायला मिळतं कारण मोनोविट्झसारख्या ठिकाणी माणसाकडून आधी काम करून घेत. ज्या हजेरीचा तुम्हाला कंटाळा आला, ती असणं हेच तिथल्या माणसाच्या जिवंत असण्याचं लक्षण होतं.

लेव्ही स्वतः म्हणतो, खरे साक्षीदार आम्ही नव्हे, जे बुडाले ते. आणि तो नशिबाबद्दल प्रामाणिक आहे. जानेवारी १९४५ मध्ये छावणी रिकामी केली तेव्हा तो स्कार्लेट फीव्हरने इस्पितळाच्या खोलीत पडलेला होता, म्हणून मागे राहिला. जे चालू शकत होते त्यांना बर्फातून चालवत नेलं आणि त्यातले पुष्कळ मेले. आजारी होता म्हणून वाचला. क्लूगर बारा वर्षांची होती. कामासाठी माणसं निवडायच्या रांगेत वय सांगायचं होतं, आणि यादी लिहिणारी एक कैदी तरुणी तिला हळूच म्हणाली, पंधरा सांग. त्या एका शब्दावर ती कामाच्या छावणीत गेली. "धीर धरला म्हणून वाचले" असं वाचून तात्पर्य काढणाऱ्यांचा मला राग येतो. मेलेल्यांनी काय कमी धीर धरला होता?

निवांत

मी थांबले होते. चार महिने. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. स्वप्नं पडत होती आणि ऑफिसात चुका व्हायला लागल्या होत्या. पण तुम्ही एकट्या वाचत नाही आहात. थांबायचं की नाही हे आधी बाबांना विचारा. आणि दोन परिच्छेद गाळले हेही त्यांना सांगा.

संथवाचक

तिघांचे मनापासून आभार. काल सांगितलं बाबांना. म्हणाले, "मला कळलं होतं. तुझा आवाज बदलतो."

मग ते प्रकरण शोधलं. गाळलेल्या परिच्छेदांपासून पुन्हा सुरुवात केली आणि चमच्यापर्यंत आले. अर्धी वाटणी, पाऊण वाटणी. बाबांनी तेवढं वाक्य दोनदा वाचायला लावलं. नंतर १९८६ च्या पुस्तकातला गोदामाचा उतारा वाचला. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "चांदीचे कुणी आणले असतील गं?" मी म्हटलं, घर सोडताना लोक जे मौल्यवान असेल तेच बरोबर घेतात. ते म्हणाले, "नाही. चमचा माणूस जेवायला नेतो. त्यांना वाटलं असेल, तिथे गेल्यावर जेवायला लागणार."

पायवाट, देल्बोचं २३० जणींचं पुस्तक पुढे घेणार आहे. बाबा म्हणाले, रोज दहाच नावं वाच.

लेव्ही मात्र सोडलेला नाही. आज बुटांचं वाचायचं आहे. लाकडी तळ, पायाला पडलेल्या जखमा, मग चाल मंदावते आणि माणूस सगळीकडे शेवटी पोहोचतो. दुपारी एकदा स्वतःशीच वाचून घेतलं आहे, म्हणजे रात्री आवाज बदलणार नाही.