नियम कसा लावला, तेही बघा

पर्यावरणाचे कडक नियम म्हणजे श्रीमंत देशांनी आयात अडवायला शोधलेला बहाणा, असं काही जण म्हणतात. सरसकट तसं म्हणणं मला पटत नाही. कोळंबी-कासव खटला बघा. कोळंबीच्या जाळ्यात अडकून समुद्री कासवं मरतात म्हणून अमेरिकेने १९८९ मध्ये कायदा केला: जाळ्यात कासवाला सुटायची सोय हवी, नाहीतर माल घेणार नाही. सोय म्हणजे जाळ्यात तिरके बसवलेले गज. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव अडतं आणि झडपेतून बाहेर पडतं.

भारत, मलेशिया, पाकिस्तान, थायलंड यांनी तक्रार केली. १९९८ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने हेतू मान्य केला, पण अंमलबजावणीत भेदभाव आहे असं ठरवलं. कॅरिबियन भागातल्या देशांना तयारीसाठी तीन वर्षं दिली होती, आशियाई देशांना जेमतेम चार महिने! अमेरिकेने कायदा तसाच ठेवून पद्धत सुधारली, तेव्हा २००१ मध्ये तो टिकला.

युरोपीय संघाच्या कार्बन सीमा शुल्कालाही हीच कसोटी लावा. पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खतं यांच्या आयातीवर २०२६ पासून, तो माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनाच्या हिशोबाने भार पडतो. धूर सरहद्द मानत नाही, त्यामुळे हेतूवर माझा आक्षेप नाही. पण मोठा कारखाना मोजणी करून घेईल. लहान उत्पादकाकडे स्वतःचे आकडे नसले की ठोक धरलेलं, बहुधा चढं उत्सर्जन त्याच्या माथी बसतं. आधी मोजणीला पैसा आणि तंत्रज्ञान द्या, ही मागणी आपण लावून धरायला हवी.